‘दोन ढग’मधला धूर माझा होता

मित्रांनो, मी एक जुनं पितळी धुपाटणं आहे. हसू नका, पण मी सिनेमात काम केलंय. एक नाही, दोन सिनेमे! पडद्यावर मी कुठंच दिसत नाही, दिसतो तो नुसता माझा धूर.

सांगोल्याच्या बाजारातनं गोजाबाईनं मला घेतलं. घडवताना माझा एक पाय आखूड राहिला, म्हणून मी अजून डुगडुगतं. पुढं मेंढरं विकून ती सोलापूरला आली, कारण पोरगा बिरुदेव चिंचोळीच्या कारखान्यात लागला होता. दर रविवारी ती गॅसवर नारळाची करवंटी पेटवायची, निखारा माझ्यात टाकायची, वर ऊद घालायची आणि बिरोबाला ओवाळायची. एवढंच माझं काम.

मग बिरूनं आणि त्याचा दोस्त अमरेशनं मोबाईलवर सिनेमा काढला, ‘दोन ढग’. दोन गांजेकस मित्र दूध आणायला निघतात आणि थेट कुर्डुवाडी स्टेशनात पोचतात, अशी गोष्ट. गांजा मात्र कुणीच ओढला नव्हता. चिलीम रिकामी. मग धूर कुठनं आणायचा? बिरूनं मला टॉवेलात गुंडाळून गच्चीवर नेलं.

“अव्वाला कळलं तर?” अमरेश म्हणाला. गोजाबाईला तो अव्वा म्हणायचा.

“देवाचं काम हाय म्हणायचं की.”

कॅमेरा बिरूच्या मामेबहिणीकडं, प्रियदर्शनीकडं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं मला वारा घालायची. अमरेशच्या पाठीमागनं माझा धूर असा काही उठायचा की बास.

“अमऱ्या, ठसकू नको. गांजेकस हायस तू.”

“उदाचा धूर हाय गं ह्यो. मला देव दिसायलाय.”

गोजाबाईला कळलंच. तिनं सिनेमा बघितला आणि पदर तोंडाला लावून हसली. दुसरा भाग आला, तोही लई चालला. चहाच्या टपरीवर लोक बिरूला ‘ढग्या’ म्हणायला लागले.

तिसऱ्या भागाच्या आधी मोबाईलवर कुणीतरी लिहिलं, ‘ह्यांनी कधी ओढलेली नाही, हसू खोटं आहे.’ बिरूच्या ते जिव्हारी लागलं.

“एकदाच,” तो म्हणाला. “हसायच्या सीनपुरतं.”

“दादा, खोटं हसू बी चालतंय की,” प्रियदर्शनी म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी मी गच्चीच्या कोपऱ्यात थंड पडून होतं. चिलीम खरी पेटली. अमरेश कठड्याशी जाऊन ओकला, पुन्हा त्यानं हात लावला नाही. बिरू मात्र हसत सुटला. उचकीसारखं सुरू होऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत चालणारं ते हसू. तिसरा भाग सगळ्यांत जास्त चालला, त्या एका हसण्यावर.

बिरू ओढायचा थांबलाच नाही. विचारलं की म्हणायचा, पुढच्या भागाची तयारी चाललीय. चौथ्या भागाला अमरेशनं स्वतःच्या हातानं माझ्यात ऊद घातला. “बिऱ्या, पहिल्यासारखं करू.” पण बिरूला वाक्यं आठवेनात. तीन दिवस तो नुसता मोबाईलकडं बघत बसला. मग अमरेशनंच माझ्यावर पाणी ओतलं. कारखान्यानंही बिरूला काढून टाकलं.

एका रविवारी सकाळी बिरू आईला म्हणाला, “दूध आणतो.” आणि गेला. सात महिने झाले.

अमरेश दोनदा कुर्डुवाडीला जाऊन आला. सिनेमात दोघं जिथं बसतात, त्याच बाकड्यावर दिवसभर बसून आला.

“घावला का रं?” गोजाबाईनं विचारलं.

“न्हाय, अव्वा.”

आता ती मला रोज पेटवते, रविवारची वाट बघत नाही. परवा ती मला हातात धरून ओवाळत होती, तेवढ्यात खिडकीखालनं बिरूचं हसू आलं, तेच, उचकीसारखं. ती माझ्यासकट पळत दारात गेली. निखारा उडून तिच्या पायावर पडला, तिला कळलंही नाही.

“बिरू, आलास व्हय?”

खाली तीन पोरं मोबाईल बघत उभी होती. त्यांनी आवाज बंद केला. ती तरी दारातच उभी राहिली.

मित्रांनो, मला घासा, चकचकीत ठेवा, असं मी म्हणत नाही. काजळी धरली तरी चालेल. फक्त आमच्या गल्लीतनं जाताना तिसरा भाग लावू नका.