चौथा कोपरा

...चारही कोपरे शाबूत होते. रतन सावेनं चष्मा कपाळावर सरकवला, नाक भिंतीला लागेल इतकी ती जवळ गेली आणि तिनं पुन्हा मोजले — एक, दोन, तीन, आणि खाली डाव्या बाजूला, जिथं कोपरा नसायला हवा होता, तिथं चौथा. सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी, भिंतीतल्या तड्यावर आडवी बसवलेली, दोन्ही टोकांना प्लास्टरचे पांढरे ठिपके. तिच्यावर काचेवर लिहायच्या पेननं, तिच्याच बारीक, किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात, सोळा डिसेंबर. काच अखंड होती. दर शनिवारी ती एवढंच बघायला या खोलीत येई आणि वहीत एवढाच शब्द लिहून जाई. आज शुक्रवार होता, आणि तीन वाजता पालघरहून देवेश पाहणीला येणार होता, म्हणून ती आज जरा जास्त वेळ बघत उभी राहिली — एरवी तिनं कोपरे मोजलेच नसते.

तिनं वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, अकरा काचा लावल्या त्या दिवशी, प्रत्येकीची आकृती तिनं पेन्सिलनं काढून ठेवली होती. या सातव्या काचेच्या आकृतीला खाली डावीकडे एक छोटा त्रिकोण तुटलेला, आणि शेजारी लिहिलेलं : ‘टवका आधीचाच.’ तिला आठवत होतं. प्रयोगशाळेच्या डब्यातल्या चांगल्या काचपट्ट्या भिंतीवर घालवणं तिच्या जिवावर आलं होतं. टवके उडालेल्या तिनं आधी वापरल्या होत्या. टवका भरून येत नाही. काच म्हणजे काही नख नव्हे.

म्हणजे ही ती काच नव्हती.

डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागून सात-आठ वर्षं झाली होती. मोठा धक्का क्वचितच. बहुतेक वेळा जमिनीखाली कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज, बाकाच्या लोखंडी पायात एक गुणगुण, की संपलं. पण शाळेची इमारत शंभर वर्षांपूर्वी लाकडाची वखार म्हणून बांधलेली, दगड आणि चुन्याची, आणि उत्तरेच्या खोलीत पाचवी ते सातवीची त्रेचाळीस मुलं बसायची. तड्यावर काच लावायची ती तडा धरून ठेवायला नाही. तडा केसभर रुंदावला तरी काच ताण सोसत नाही, फुटते. फुटली म्हणजे भिंत जागा सोडते आहे. पाहणीचा नियम साधा होता : एक जरी काच फुटली तरी खोली बंद. आणि खोली बंद म्हणजे मुलं आसपासच्या शाळांत वाटली जाणार, आणि वाटलेली मुलं परत येत नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या विज्ञानाच्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

कुणीतरी फुटलेली काच काढून नवी लावली होती. आणि वर तारीख — जुनी तारीख — माझ्या अक्षरात.

भारती व्हरांड्यात खिचडीचं पातेलं घासत होती. वीस वर्षं या शाळेत शिपाई. घर पूर्वेकडे, तलासरीच्या वाटेवरच्या डोंगराळ गावात, जिथं धक्के सगळ्यात जास्त बसतात. घराची मागची भिंत पहिल्याच वर्षी बसलेली. तिची नात मयूरी सहावीत, याच खोलीत, याच भिंतीला टेकून बसायची.

“भारती, सातव्या काचेला कुणी हात लावला होता का गं?”

“कुठली बाई? खिडकीजवळची?” भारतीनं मान वर केली नाही. “ती तुम्हीच बदलली ना.”

“मी?”

“मग कोण, मी? मला काय लिहिता येतं तुमच्यासारखं. गणपतीच्या सुट्टीत नाय का आलात. मी पीओपी कालवून दिला, डब्याच्या झाकणात. नंतर ते झाकण टाकून द्यायला लागलं, सून बोंबलली.”

“आधीची काच—”

“मधोमध फुटलेली. तुम्ही रुमालात बांधून पर्समधे टाकलीत. आणि मी बोलले पण तुम्हाला, बाई, आता गणपती आणि तुम्ही डिसेंबर काय लिहिता, तर तुम्ही काय...”

जमीन गुरगुरली. पातेल्यातलं पाणी मधून शहारलं. भारती शब्दाच्या मधेच थांबली, रतनही पापणी न हलवता थांबली, आत वर्गात त्रेचाळीस आवाज एकदम बंद पडले. मग गुरगुर पूर्वेकडे निघून गेली आणि वर्ग जिथं थांबला होता त्याच ओळीपासून पुढे चालू झाला.

“...काय बोललाच नाय,” भारतीनं वाक्य पुरं केलं.

“आणि तू गप्प राहिलीस? सहा महिने?”

“त्यात काय बोलायचं?” आता तिनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल होतं, दुसरं काही नाही. “फुटली, दुसरी लावली. लावली म्हणून तर भिंत धरून राहिली ना? आमच्या घराला कोण असं काचा लावणारं होतं? मयूरीला मी मुद्दाम तिथंच बसवते, तुमच्या काचेखाली.”

रतननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काच धरून ठेवत नाही, भारती... काच फक्त सांगते. दोन वर्षं मी या भिंतीवर काचा लावून ठेवल्या, दर शनिवारी भक्तिभावानं बघायला आले, आणि त्या कशासाठी आहेत हे जिची नात त्यांच्याखाली बसते तिला सांगितलंच नाही. “आज तिला पुढच्या बाकावर बसव,” ती एवढंच म्हणाली. “फळा नीट दिसत नाही तिला.”

“दिसतो की. घारीसारखी नजर आहे तिची.”

भारती खोटं बोलत असेल? नोकरीसाठी? पण मग ती काच लपवेल, काचेची गोष्ट कशाला सांगेल. आणि अक्षर... गणपतीला रतन घोलवडला होती, माहेरी. दीड दिवसाचा गणपती, भावाच्या वाडीतल्या चिकूच्या पेट्या ओसरीत रचलेल्या, त्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास, विसर्जनाहून येताना चपलेत गेलेली वाळू — सगळं लख्ख. त्यानंतरचे तीन दिवस? ती डहाणूला परत आली असणार. कपडे धुतले असणार, पेपर तपासले असणार. असणार, असणार. सुट्टीतले दिवस कोणाला वेगवेगळे आठवतात? तिनं वहीतला सप्टेंबर उघडला. शनिवार : अखंड. पुढचा शनिवार : अखंड. शाई तीच, हात तोच, शब्द इतका सरळ की लिहिणाऱ्याला कसलीच शंका नसावी.

मधल्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. समोर जीवनचं झेरॉक्सचं दुकान, पलीकडे खाडीकडे उतरणारा रस्ता, किल्ल्याचा काळा दगड, त्यावर सुकायला टाकलेली कुणाची तरी चादर. जीवनच्या दुकानाच्या भिंतीला, मशीनच्या वर, करंगळी जाईल एवढा तडा होता. गेल्या उन्हाळ्यात तिनं स्वतः त्यात करंगळी घालून पाहिली होती. आता तिथं पोपटी रंग होता, बाकी भिंतीपेक्षा थोडा ओला दिसणारा.

“जीवनभाऊ, तो तडा बुजवला का हो?”

“कुठला?”

“इथला. मशीनवरचा.”

जीवननं मागं वळून भिंतीकडे पाहिलं, अगदी मनापासून, कोळी शोधल्यासारखं. “इथं? इथं तडा नव्हता बाई.” मग आत हाक मारली, “दक्षा, आपल्याकडे तडा होता काय गं?”

“नाय हो,” त्याची बायको आतून म्हणाली, “आपल्याकडे कधीच नव्हता. समोरच्यांकडे असेल.”

“बघा. घोलवडच्या बाई, शाळेत काचा लावून लावून तुम्हाला आता सगळीकडे तडेच दिसतात. एकदा डोळे दाखवून या.” तो हसला. त्याच्या हसण्यात लपवाछपवी नव्हती. तीच तिला सापडायला हवी होती — ती असती तर हायसं वाटलं असतं.

तीस वर्षं झाली तिला इथं येऊन, पुढच्याच स्टेशनावरून, आणि अजून ती घोलवडच्या बाई. तिला ते आवडायचं. बाहेरून फोन घेऊन फिरायला येणाऱ्यांना वाटतं, जुनं गाव म्हणजे जे उरलं ते. काही उरत नाही. दर दिवाळीआधी घराघरांत चुना, भेगा बुजवायची लांबी, रंग येतो, भिंत पुन्हा एकसंध होते, आणि हाताचा रंग धुताना तडाही धुऊन जातो. जानेवारीत विचाराल तर तो कधी नव्हताच. जमीन हलते, माणसं वाक्याच्या मधे थांबतात, वाक्य पुरं करतात. त्याशिवाय इतकी वर्षं एका जागी राहताच येणार नाही, हे तिनं केव्हाच ताडलं होतं, जरा गमतीनं, जरा वरून... कारण मी त्यांच्यातली नव्हते. मी बघणारी होते. माझ्याकडे वही होती.

परत येताना तिनं पाहिलं, मयूरी पुढच्या बाकावरून उठून पुन्हा भिंतीपाशी गेली होती, पाठ टेकून, डोक्याच्या वीतभर वर सातवी काच.

देवेश तीनला दहा कमी असतानाच आला, हेल्मेट काखेत. सहावी ते दहावी तिचा विद्यार्थी, आता पाहणीचे अहवाल तोच लिहायचा. मुलं उभी राहिली, बसली.

“चहा नको बाई, आधी काचा. चहा घेतला की तुम्ही मला पुन्हा आम्ल-आम्लारी विचाराल.”

मुलं खिदळली. तो एकेका काचेचा फोटो काढत, नंबर पुटपुटत भिंतीच्या कडेनं सरकला. पहिली, दुसरी... सहावी. मयूरीनं त्याला जागा द्यायला मान बाजूला केली. तो वाकला.

“सात. सोळा डिसेंबर. म्हणजे सव्वादोन वर्षं, आणि जशीच्या तशी. कमाल आहे या भिंतीची.” त्यानं फोन खाली घेतला. “ही तुम्हीच लावलेली ना बाई? नाही, नियम म्हणून विचारतो. दुसऱ्या कुणाची असती तर काढूनच बघितली असती.”

भारती दारात उभी होती, खांद्यावर फडकं. ती रतनकडे कौतुकानं बघत होती.

सांगायला दोनच वाक्यं होती. ही काच बदललेली आहे. खोली आज रिकामी करा. रतननं ती जुळवून ठेवली होती, सकाळपासून, रस्ता ओलांडतानासुद्धा. त्रेचाळीस मुलं, शाळा गेली तर गेली. तिनं श्वास घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या बोटांच्या टोकांना ऊब जाणवली. प्लास्टर घट्ट होतानाची ऊब. तर्जनीनं कडा दाबून धरलेली, डब्याचं झाकण बाकावर, सुट्टीतल्या वर्गाची ती पोकळ शांतता, काचेवर पेनाचं बारीक करकरणं... आठवत होतं. आत्ता, या क्षणी, सगळं आठवत होतं.

पण घट्ट होताना प्लास्टर उष्णता बाहेर टाकतं हे ती दर वर्षी वर्गात शिकवते. झाकण भारतीनं सकाळी दिलं. पेन काचेवर करकरतं हे कुणालाही ठाऊक आहे. तिनं एकेक गोष्ट बाजूला काढून पाहायचा प्रयत्न केला — ही ऐकलेली, ही शिकलेली — आणि जितकं काढावं तितकं ते दृश्य खालून भरत गेलं, रंग धरत गेलं. डावीकडच्या खिडकीतून भाद्रपदातलं पिवळं ऊन आलं, तिच्या साडीची किनार आली, कोपरावर लागलेला पांढरा डाग आला. आणि त्यातली ती बाई मुळीच घाबरलेली नव्हती. जीभ दातांत धरून, नीट, सावकाश, ती महिन्याचं नाव लिहीत होती, आणि तिला घाई नव्हती, आणि तिला कुठलाही तडा माहीत नव्हता.

“बाई?” देवेश म्हणाला.

दोन वाक्यं अजून जिभेवर होती. रतन त्या बाईकडे बघत राहिली, आणि तिला तिचा हेवा वाटू लागला.