बदलीचा शुक्रवार

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे 'गिटारवाला' म्हणायचे आणि गिटारवाल्यांमध्ये तो 'चष्मेवाला' होता. म्हणजे दोन्हीकडे तो परकाच. दिवसभर तो लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा, भिंगं बदलत "आता बरं की आधीचं बरं?" असं विचारायचा, आणि शटर पडलं की पाठीला बेस गिटार अडकवून बाहेर पडायचा. बेस गिटार म्हणजे चार तारांची, जाड आवाजाची. गाण्याच्या तळाशी ती सतत वाजत असते आणि ती वाजते आहे हे वाजवणाऱ्याखेरीज फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सासरेबुवांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा, "दोन तारांचे पैसे कमी पडले का?" असं विचारलं होतं. हा विनोद त्यांनी पुढची अकरा वर्षं पुरवून पुरवून वापरला.

क्लबांमध्ये काम मागायला दुपारी जावं लागतं. तो जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता जायचा. दुपारचा क्लब बघवत नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, फरशीला फिनेलचा वास, आणि संध्याकाळी मखमली दिसणारा पडदा उजेडात नुसता मळलेला. मॅनेजर बाटल्यांच्या पेट्या मोजत असतो आणि मान वर न करता विचारतो, "बरोबर किती माणसं आणाल?" कसं वाजवता, हे कुणी विचारत नाही. "सुरुवातीला दोन-तीनदा असंच वाजवा, लोकांना ओळख होऊ दे," हे वाक्य त्याने सात क्लबांत ऐकलं. ओळख व्हावी म्हणून तो फुकट वाजवत राहिला. झाली ती पार्किंगवाल्याशी. एका ठिकाणी तर वाजवून झाल्यावर त्याच्याच हातात कॉफीचं बिल ठेवलं.

शेवटी पुलाजवळच्या क्लबात दर शुक्रवारची संध्याकाळ मिळाली. तिघं होते ते. एक गायिका, जी दिवसा शाळेत शिकवायची. ड्रम वाजवणारे काका, ज्यांची नोकरीही संपली होती आणि बोलणंही जवळजवळ संपलं होतं. आणि तिसरा हा. दोन वर्षं झाली. पैसे फार नव्हते, पण मिळत होते, आणि वाजवण्याचे मिळत होते. चष्मे विकून मिळालेल्या पैशांपेक्षा ते त्याला वेगळे वाटायचे. बायको म्हणायची, "दूधवाल्याला दोन्ही सारखेच दिसतात हो." तिचंही खोटं नव्हतं.

आता क्लबाने वरच्या मजल्यावर नवा हॉल बांधला होता. तिथे आठवड्यातले तीन दिवस एकच मंडळी वाजवणार, वर्षाचा करार करणार, असं मॅनेजरबाईंनी सांगितलं. गायिका आणि काका तर ठरलेच होते. "तुमचं या महिन्यातले शुक्रवार ऐकून ठरवते," असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. तीन दिवसांचं काम मिळालं तर दुकानात अर्धा दिवस करता येणार होता. नुसतं तेवढंच नव्हतं. कुणी "काय करता?" असं विचारलं तर न बिचकता सरळ "वाजवतो" म्हणता येणार होतं. चाळिशी उलटल्यावर माणसाला एवढी एक गोष्ट हवी असेल तर ती काही चैन नव्हे.

आणि नेमक्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुकानात मालमोजणी निघाली. वर्षातून एकदा दुकानातली एकूणएक फ्रेम मोजायची, कुणालाही सुट्टी नाही. तो मालकांच्या हातापाया पडायचा बाकी राहिला. मालक शांतपणे म्हणाले, "तुमचं ते डुम् डुम् एक दिवस राहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

म्हणजे बदली देणं आलं. या धंद्यात बदली देण्याची रीत आहे. ज्याला जमत नाही त्यानेच आपल्या जागी माणूस पाठवायचा, आणि बदलीवाल्याने वाजवून मुकाट घरी जायचं. क्लबवाल्याला स्वतःचा नंबर द्यायचा नाही. काकांनी त्याला फुकट वाजवायच्या दिवसांतच बजावलं होतं की बदली द्यायचाच तर आपल्यापेक्षा थोडासा डावा द्यावा, फार नाही. तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं. पहिल्या क्लबात आजारी पडला तेव्हा त्याने आपल्यापेक्षा सरस मित्र पाठवला, कारण गाणं नीट व्हावं असं त्याला वाटलं. तो मित्र आजही तिथेच वाजवतो. भेटला की आपुलकीने तब्येतीची चौकशी करतो.

या वेळी त्याने पक्कं ठरवलं. थोडासा डावा नाही, चांगला कच्चाच माणूस पाठवायचा. त्याने मेव्हण्याला पाठवलं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फरशांच्या शोरूममध्ये कामाला होता आणि पाच महिन्यांपासून दर रविवारी याच्याकडे शिकायला येत होता. वाजवताना त्याचे ओठ हलायचे, कारण तो मात्रा मोजत असायचा.

"भाऊजी, मला जमेल?" त्याने विचारलं. त्याचा चेहराच उतरला होता.

"जमेल की. प्रत्येक ओळीला एक सूर धर आणि सोडू नकोस. बाकी काही करायला जाऊ नकोस."

"आणि अडलो तर?"

"अडलास तर काका आहेत."

बायकोने आत बोलावून हळू आवाजात विचारलं, "अहो, खरंच तयार आहे का तो? की आपलं घरचा माणूस म्हणून पाठवताय?"

"माझा विश्वास आहे त्याच्यावर," तो म्हणाला. बायकोचे डोळे भरून आले. त्याला क्षणभर लाज वाटली, पण क्षणभरच. त्याला शुक्रवार पडायला हवा होता. गाणं पोकळ व्हावं, लोकांनी मागे वळून पाहावं आणि मॅनेजरबाईंनी विचारावं, आपला नेहमीचा माणूस कुठे गेला? हे एवढं एकदा व्हावं म्हणून तो पोराला तोंडघशी पाडायला निघाला होता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. क्लबात तिघांनी काळा शर्ट आणि काळी टोपी घालायची असा नियम होता. त्याने आपला शर्ट, आपली टोपी आणि आपली गिटारही दिली.

शुक्रवारी तो फ्रेमा मोजत होता आणि मनात गाणी मोजत होता. आता दुसरं गाणं. आता ती अवघड जागा, इथे हा गडगडणार. चारशेबारापाशी आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तरी तो गालातल्या गालात हसत होता. शेजारी मोजणाऱ्या मुलीला वाटलं, कंटाळून याचं डोकं फिरलं.

शनिवारी क्लबातून फोन आला नाही. रविवारीही नाही. मेव्हण्याने बहिणीला फोन करून "बरं झालं असं वाटतं" एवढं सांगितलं, पण तो तसं म्हणणारच. याने काकांना फोन लावला.

"कसं झालं, काका?"

"झालं."

"तरी? कुणी काही विचारलं का?"

"काय विचारायचं?" काका म्हणाले, "पोरगा बरा आहे. मध्ये मध्ये येत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो क्लबात गेला. मॅनेजरबाई स्टुलावर चढून भिंतीवरची जुनी पोस्टरं खरवडत होत्या. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं होतं: नाइलाज होता, पुन्हा अशी वेळ येऊ देणार नाही.

"या, बरं झालं आलात," बाई वरूनच म्हणाल्या. "शुक्रवारी काय वाजवलंत हो तुम्ही."

टोमणाच तो, असं समजून त्याने मान खाली घातली. "हो, त्याबद्दलच बोलायला आलो होतो. मी..."

"नाही, मनापासून सांगतेय. मी वर ऑफिसात होते, दार उघडं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा गाण्याचे शब्द कानावर पडले. एरवी तुमचं खालीवर, खालीवर चालू असतं ना, त्यात काही कळतच नाही. लोकांनाही बोलता येत नाही. शुक्रवारी कसं सरळ. एकही टेबल लवकर उठलं नाही." त्या स्टुलावरून उतरल्या आणि हात पुसून काउंटरवरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "तुमचं नक्की केलंय मी. फक्त असंच वाजवायचं, आता बदलू नका."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. बाईंना पत्ताच नव्हता. काळी टोपी होती, काळा शर्ट होता आणि मागच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं, एवढं त्यांना पुरलं होतं. ते खालीवर बसवायला त्याची अकरा वर्षं गेली होती. बोटांना घट्टे पडले होते, पहाटे उठून, शेजारी उठू नयेत म्हणून गिटार उशीला टेकवून त्याने ते घोटलं होतं. तीच अडचण होती म्हणे.

'शुक्रवारी मी नव्हतो' असे तीन शब्द म्हटले की झालं असतं. मग काम मेव्हण्याला गेलं असतं, नाहीतर कुणालाच नाही. त्याने पेन मागितलं आणि सही केली.

घरी आला तर मेव्हणा आलेला होता. शर्ट इस्त्री करून आणला होता, गिटार कोपऱ्यात नीट टेकवून ठेवली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय म्हणाल्या मॅडम?" मेव्हण्याने विचारलं. तीन दिवस तो हाच प्रश्न घेऊन बसला असावा.

खरं सांगायला काही लागणार नव्हतं. पोरगा आनंदाने वेडा झाला असता. पण तो आनंद पाहायची ताकद त्या दिवशी याच्यात नव्हती.

"कच्चं वाटलं म्हणाल्या," तो म्हणाला. "पुन्हा बदली पाठवू नका म्हणाल्या."

मेव्हण्याने मान हलवली. "मला वाटलंच होतं. माझ्यामुळे तुमचं काम गेलं का?"

"नाही. सांभाळून घेतलं मी. मिळालं."

"मिळालं ना? सुटलो," मेव्हणा म्हणाला, आणि खरोखरच सुटल्यासारखा हसला. "भाऊजी, माझं राहू द्या आता. रविवारी तुम्ही आराम करा. हे आपल्या हातचं काम नाही." बायको आत जाऊन भांडी जरा जोरातच ठेवायला लागली.

नव्या हॉलच्या पहिल्या दिवशी दोघं बहीणभाऊ ऐकायला आले आणि पुढच्या टेबलावर बसले. बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. दुसऱ्याच गाण्यात त्याची बोटं सवयीने पळाली, तशी बाईंनी दुरूनच तळवा खाली दाबून दाखवला. त्याने हात आखडला. मग ओळीला एक सूर धरला आणि मोजत राहिला. एक, दोन, तीन, चार. शेवटपर्यंत तो मेव्हण्यासारखाच वाजवत होता. टाळ्या पडल्या. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काठ्या पिशवीत घातल्या.

तो खाली उतरला तेव्हा मेव्हणा उठून पुढे आला. त्याने याचा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊजी," तो म्हणाला, "आज कळलं मला. असं वाजवायचं तर मला दहा वर्षं लागतील."

"लागतीलच," तो म्हणाला.