दोनशे छप्पन्न चुका

१९८७चा मे महिना. धंतोलीतल्या आमच्या संगणक केंद्रात एसी फक्त मशीनसाठी होता, आणि मशीनजवळ सुमती बसायची. मला ती डोळ्यांसमोर नको होती. माझी बारा वर्षांची नोकरी, आणि या काल आलेल्या पोरीनं चार लोकांसमोर माझा प्रोग्राम दुरुस्त केला होता. वर म्हणाली, "सर, राग नका मानू." मानला की!

तिचे उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते. शेवटच्या चाचणीत नापास झाली तर काटोलला परत, आणि मामानं ठरवलेल्या माणसाशी लग्न. हे तिनंच मला सांगितलं होतं, भोळी कुठली.

गुणपत्रिका तपासायचा प्रोग्राम तिनं सी भाषेत लिहिला आणि आधी मला वाचायला दिला. मुख्य प्रोग्राम एका धाकट्या प्रोग्रामला कामाला लावायचा. तो गुणपत्रिकांचा गठ्ठा तपासायचा आणि संपताना चुकांचा आकडा परत द्यायचा. शून्य आला की गठ्ठा बिनचूक. वाचता वाचता मला हसूच आलं. असा परत दिलेला आकडा दोनशे पंचावन्नपर्यंतच टिकतो. दोनशे छप्पन्नचं थेट शून्य होतं. काम झालं की फसलं, एवढंच तिथं सांगायचं. मोजदाद वेगळ्या फाईलमध्ये लिहायची. तिला हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "छान झालंय."

चाचणीचा गठ्ठा मीच बनवला.

संचालक गोपाळराव समोर बसले. सुमतीनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं, चुका शून्य. गोपाळरावांनी गठ्ठ्यातली वरचीच गुणपत्रिका उचलली. शंभरापैकी एकशे चाळीस गुण.

"हे बिनचूक होय काय वं? उद्यापासून येऊ नको."

ती रडेल म्हणून मी वाट पाहत होतो. खरं सांगतो, मला ते पाहायचंच होतं. पण ती गठ्ठा घेऊन कोपऱ्यात बसली आणि दुपारभर एकेक कागद तपासत राहिली. मग माझ्या टेबलाशी आली.

"सर, बरोब्बर दोनशे छप्पन्न हायेत. एक कमी नाही, एक जास्त नाही." तिनं गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "तुमाले माहीत होतं. मले काहून नाही सांगितलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"इतक्या चुका मोजून टाकाले दिवसभर लागला असन नं?"

"दोन दिवस," मी म्हणालो.