बुवाच्या झाकणावरचा दगड

पाववाल्याच्या घरी एक न्यूट होता. न्यूट म्हणजे पाण्यातली पालच म्हणा; फक्त अंग मऊ, पोट नारिंगी आणि चेहरा असा, की साऱ्या जगाची काळजी यालाच. पाववाल्याच्या बायकोनं त्याला काचेच्या टाकीत ठेवलं होतं आणि नाव दिलं होतं बुवा. मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळे लाड बुवाचे.

"नवरा उपाशी चालेल, बुवा नको," असं पाववाला चिडवायचा.

"तुम्हाला डबा उघडता येतो, त्याला येत नाही," ती म्हणायची.

मग ती आजारी पडली आणि इस्पितळात गेली ती तिथेच पडून राहिली. जाताना बुवाला नवऱ्याच्या गळ्यात घालून गेली. घराखालीच भट्टी, म्हणून पाणी गार राहायला टाकीत बर्फाची बाटली सोडायची. गांडुळाचे तुकडे चिमट्यानं भरवायचे. झाकणावर दगड ठेवायचा. पाववाल्यानं सगळं जिवापाड केलं. दगड तेवढा त्याला पटेना. जन्मभर त्यानं पीठ फुगायला ठेवलं ते वर फडकं टाकून, एक कोपरा उघडा ठेवून. कोंडलं की बिघडतं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि इथे तर जिवंत जीव! त्यानं दगड उचलून खिडकीत ठेवला आणि झाकण बोटभर सरकवलं.

एका सकाळी बर्फाची बाटली घेऊन आला, तर टाकी रिकामी. त्यानं पाणवनस्पती उपसल्या, खाट सरकवली, कपाट ओढलं. बुवा सापडला दाराआडच्या पिठाच्या पोत्यामागे, काडीसारखा वाळलेला, अंगाला पीठ लागलेलं. पाववाल्यानं त्याला परत पाण्यात सोडलं आणि वाट पाहिली. बुवा नुसता तरंगत राहिला. तेव्हा तो पोत्यावर बसून ढसाढसा रडला. बुवासाठी रडला आणि तिच्यासाठीही. तिच्यासाठी रडायची हिंमत त्याला तोवर झाली नव्हती.

दुपारी इस्पितळात तिनं डोळे उघडून पहिलं हेच विचारलं.

"बुवा जेवला का?"

"जेवला की. दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्याला तोंड फिरवलं."

"मेल्याचे नखरे!" ती हसली आणि तिला धाप लागली. जरा वेळानं म्हणाली, "अहो, मला मरायची भीती नाही वाटत. तुम्ही एकटे पडाल, याची वाटायची. पण ही जात खूप वर्षं जगते म्हणे. तुम्हाला त्याची सोबत पुरेल."

"पुरेल," तो म्हणाला.

"दगड ठेवता ना झाकणावर?"

"ठेवतो."

"ठेवाच. तुमची खोड ठाऊक आहे मला."

त्यानं मान हलवली. तिनं डोळे मिटले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की पाववाल्याला तिच्याकडे बघवेना.

ती त्याच आठवड्यात गेली. माणसं आली, बसली, उठून गेली. पाववाला वर आला, सवयीनं बर्फाची बाटली काढून रिकाम्या टाकीत सोडली आणि झाकण घट्ट लावलं. मग खिडकीतला दगड उचलून त्यानं झाकणावर ठेवला, नीट, मधोमध.