गुरुवारच्या वर्गाची घंटी

मी एक घंटी बोलतेय. शाळेची नव्हे, आणि साहेबांच्या टेबलावरची तर मुळीच नव्हे. सायकलची साधी घंटी मी. तुम्ही म्हणाल, सायकलच्या घंटीला सांगण्यासारखं काय असणार? ऐकून तर घ्या. एका अख्ख्या बाजाराला मी वळण लावलंय, आणि तेही सायकलवरून उतरल्यानंतर.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जन्मल्या. पोटात दातेरी चाकं, एक स्प्रिंग, बाजूला खटका आणि डोक्यावर चकचकीत वाटी. माझ्या वाट्याला एका नर्सबाईंची सायकल आली. घरोघर जाऊन बाळंतिणी तपासायचं त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्यासाठी कोंबड्या, बकऱ्या आणि रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभे राहिलेले पुरुष बाजूला केले. बकऱ्या लवकर हटायच्या.

नर्सबाई निवृत्त झाल्या, सायकल भंगारात गेली. मला मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं पान्यानं सोडवून घेतलं. नुसत्या घरी बसतील तर त्या नर्सबाई कसल्या! त्यांनी बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी वर्ग काढला. दर गुरुवारी दुपारी, धान्याच्या गोदामावरच्या खोलीत. चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, अर्ज लिहायचा कसा, सभा चालवायची कशी आणि आपला हक्क मागताना ओशाळायचं नाही, हे शिकवायचा वर्ग. बायकांना गप्प करायला काहीतरी हवं म्हणून मला टेबलावर ठेवलं होतं. चौदा विक्रेत्या एका वेळी बोलू लागल्या की माझ्याशिवाय इलाज नसे.

पहिल्याच गुरुवारी नर्सबाईंनी विचारलं, "बाजारात काय बदलायला हवं?"

बटणवाल्या काकू उठल्या. बटणं, हुक, रिळं, सुया असा त्यांचा ठेला. बाई बोलायला खमकी, पण सुरुवात केली ती अशी : "आमचे हे म्हणतात, बाजारात बायकांसाठी संडास हवा."

"हे बाजारात बसतात?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही हो. त्यांचं केस कापायचं दुकान पलीकडच्या रस्त्याला."

"मग तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, हे त्यांना कसं कळलं?"

काकू बाकीच्यांकडे बघू लागल्या. त्या तेरा जणींपैकीही कुणीच घोट घेत नव्हतं. जायला जागाच नाही, तर पिणार कशा? नर्सबाईंचं बोट माझ्या खटक्यावर होतं, ते दाबलं गेलं. ट्रिंग! सगळ्या खळखळून हसल्या आणि तिथेच नियम ठरला. जी 'आमचे हे म्हणतात' म्हणेल, तिच्यावर घंटी.

बाई गं, काय वाजले मी त्या दिवसांत! सायकलवरसुद्धा इतकी मेहनत पडली नव्हती. स्वतःच्या डोक्यातली प्रत्येक गोष्ट या बायका नवऱ्याच्या नावावर खपवत. त्यात बटणवाल्या काकूंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्यांच्यामुळे काकांची बाजारात केवढी कीर्ती! काका म्हणजे दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा भला माणूस. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "नाल्यावर फरशी टाका असं तुमचं म्हणणं आहे म्हणे. किती रुंद टाकायची?" काकांची कात्री हवेतच राहायची.

एका गुरुवारी तर ते कंटाळून थेट वर्गात आले. "बाई, माझं म्हणणं एवढंच आहे," ते म्हणाले, "की माझं काहीही म्हणणं नाही."

काकूंनी मात्र त्या दिवशी मनातलं बोलून टाकलं. "मी म्हटलं तर हसतात. ह्यांचं नाव घेतलं की ऐकतात. दिव्याचा खांब आला तो ह्यांच्या नावानं, नाला झाकला तो ह्यांच्या नावानं. काम झालं ना? मग कुणाच्या का नावानं होईना!"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? पण कोपऱ्यातून अंडेवाल्या मावशी म्हणाल्या, "तुझं बरं आहे गं. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मला काही हवं असलं तर मी काय करू? उसना आणू?"

हसू फुटलं खरं, पण काकू हसल्या नाहीत. जाताना त्यांनी मला मागून घेतलं. "घरी सवय करते," म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्यांच्या घरी राहू लागले आणि वाजवायचं काम आलं काकांकडे. त्यांनी ते इतक्या उत्साहानं केलं की काय सांगू! भाजी चिरता चिरता काकू चुकल्या, ट्रिंग. कपडे वाळत घालताना चुकल्या, ट्रिंग. जन्मात कधी बायकोला उलट न बोललेला माणूस, त्याला ही बरी सोय सापडली.

अकराव्या गुरुवारी बातमी आली. बाजाराच्या कोपऱ्यातली रिकामी जागा, जिच्यासाठी बायकांनी संडासाचा अर्ज दिला होता, तीच दुचाकी उभ्या करायला द्यायचा ठराव नगरपालिकेच्या सभेत येणार होता. एकदा तिथे गाड्या लागल्या की संपलं. दुसरी जागाच नव्हती. बायकांतर्फे एकीनं बोलायचं होतं, आणि सगळ्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

सभेच्या दिवशी काकूंनी धीरासाठी मला पिशवीत घेतलं. जिन्यात पिशवी सुटली आणि मी नऊ पायऱ्या गडगडत खाली. वाटी शाबूत राहिली, पण आत काहीतरी तुटल्याचं मला लगेच कळलं. काकूंना कुठलं कळायला!

त्या उभ्या राहिल्या. "मी बाजारात एकवीस वर्षं बटणं विकते," छान सुरुवात झाली. बायका पाणी पीत नाहीत, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात, दोघींना मूतखडे झाले, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मला काकूंचा आणि मागच्या रांगेतल्या नर्सबाईंचाही अभिमान वाटत होता.

मग अध्यक्ष खुर्चीत रेलले. "ते ठीक आहे हो, पण असं स्वच्छतागृह नुसतं मागून होत नाही. पाणी कुठून आणायचं, दार कुठे काढायचं, याचा काही विचार?"

विचार तर पुरता झाला होता. काकूंनी ती जागा स्वतः पावलांनी मोजली होती. पण चार सदस्य हसले, आणि त्या हसण्यानं काकूंच्या तोंडून जुनंच निघालं, "आमचे हे म्हणतात..."

त्यांचा हात पिशवीत आला. त्यांनी स्वतःच माझा खटका दाबला. खट्. पुन्हा दाबला. खट्. ज्या क्षणासाठी इतके दिवस तयारी केली, त्याच क्षणी माझी वाचा बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "असं होय! मग त्यांनाच बोलू द्या ना. शहाणा माणूस आहे तो. आलेत का?"

आले होते. दुकान बंद करून काका मागे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्या माना वळल्या. आयती वाहवा समोर आली होती, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. काका दोन पावलं पुढे आले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"ट्रिंग!"

आणि परत भिंतीला टेकले.

मग तेरा बायकांचं एकदम हसू फुटलं. "पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच मुद्द्याचं ऐकलं," अंडेवाल्या मावशी म्हणाल्या, तेव्हा तर चहा देणाराही हसला. काकू मात्र ताठ झाल्या. पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"हे काही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी म्हणते. दिव्याचा खांबही मीच म्हटलं होतं आणि नालाही. पाण्याचा नळ त्या जागेपासून बावीस पावलांवर आहे. दार चहाच्या दुकानाकडे नको, आतल्या बोळाकडे हवं, नाहीतर एकही बाई जाणार नाही. आत कडी हवी, वर दिवा हवा. आणखी काही विचारायचं आहे?"

अध्यक्षांनी मतं घेतली. तीन मतांच्या फरकानं का होईना, जागा बायकांना मिळाली.

त्याला आता दीड वर्ष होईल. काकांनी मला दुरुस्तीला न्यायचं काढलं होतं, पण काकू नको म्हणाल्या. वर्गात आता कुणी चुकली की सगळ्या मिळून तोंडानंच ट्रिंग करतात. माझ्याविना माझा आवाज ऐकायला आधी चमत्कारिक वाटायचं, आता फार आवडतं. मी काकूंच्या ठेल्यावर असते, वारा आला की बटणांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसते. गंज चढलाय थोडा, पण मजेत आहे.

तुमच्या घरात मात्र घंटी असेल-नसेल. तेव्हा कुणी बाई स्वतःचं शहाणपण दुसऱ्याच्या नावावर खपवताना दिसली, तर माझ्यासाठी एवढं करा. तोंडानं वाजवा. प्रेमानं वाजवा, पण वाजवा.

बरं, थांबते आता. भर दुपार झालीय. काकूंनी गिऱ्हाइकाला डझनभर हुक मोजून दिले, मावशींना हाक मारली आणि ठेल्याखालचा तांब्या काढलाय. आता भर बाजारात उभ्या राहून दोघी पोटभर पाणी पितील. हे मला रोज बघायचं असतं.