कुंकवाच्या रंगाचं विष

भाताची आवणी अर्धी टाकून सगळी वाडी देवळासमोर जमली होती. बिभीषण महाराज, म्हणजे स्वतःच्याच तोंडाने जगाचे तारणहार, साप चावलेल्या निकिताच्या पायाला हळद चोळत होते. नऊ वर्षांची पोर, पापण्या मिटायला लागल्या होत्या.

"मी आलोय ना! यमाला आज रजा!" महाराज गरजले आणि त्यांनी पायावर तीर्थ ओतलं. पायाखालच्या परातीत लालभडक पाणी उतरलं.

"इख उतरलं!" लोक ओरडले.

मी जीप चालवतो. मागच्या महिन्यात असंच लाल पाणी साप चावलेल्या आसारामच्या पायावरून उतरलं आणि तासाभरात आसाराम गेला. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

इतक्यात आरोग्य उपकेंद्राच्या दीना सिस्टर धावत आल्या. दीना झिराडकर, मूळच्या कोकणातल्या ज्यू. त्यांनी पोरीचे डोळे पाहिले.

"चांगुणाबाई, हिला आत्ताच्या आत्ता राजूरच्या दवाखान्यात न्यायचं."

"न्हाई बाई," निकिताची आई रडत म्हणाली, "इख उतरतंय की!"

"तुम्ही घरी कुंकू कसं करता?"

"आँ? हळदीत चुना..." चांगुणा थांबली. तिने परातीत पाहिलं. मग तांब्या हिसकावला आणि तीर्थ महाराजांच्याच हळदीच्या हातांवर ओतलं. हात लाल झाले.

"तुलाबी साप चावला का रं, मुडद्या?"

तीर्थ कसलं, चुन्याची निवळी! घरोघरी कुंकू करणारी आमची वाडी, आणि कुणालाच ओळखू आलं नाही. महाराज कधी सटकले तेही कळलं नाही.

चौघांनी घोंगडीची झोळी करून पोरीला जीपपर्यंत आणलं, मी जीप दामटली. निकिता वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती.

परतल्यावर लोक सिस्टरच्या पाया पडायला लागले. "तुमीच आमच्या तारणहार!"

सिस्टर भडकल्या. "उठा! लगेच दुसरा महाराज शोधलात? चुना कुणी ओळखला? झोळी कुणी उचलली? आमच्यातले जुने गुरू सांगत, तारणहाराचा एक कण प्रत्येक माणसात असतो. त्याची वाट बघत बसायचं नाही, आपला कण कामाला लावायचा. साप चावला की दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, हे झालं कसं?"

सगळे उठले. आसारामची बायको रंगुबाई मोकळ्या कपाळाने तशीच बसून राहिली.

"कुंकू तर मीबी करायची, सिस्टर. मला का न्हाई कळलं?"

सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मी मान खाली घातली. आसाराम तडफडत होता तेव्हा माझी जीप देवळामागेच उभी होती.