तारेतल्या लाल चिठ्ठ्या

देवाजीभाऊंची नोकरी धोक्यात आली ती माझ्या भित्रेपणामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी उगाच शहाणा वाटायला नको.

चौऱ्याऐंशी साली कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो. पहिलं वर्ष कच्चं, मग पक्कं करणार होते. काम ठरलेलं होतं. दर तासाला प्रयोगशाळेतल्या झिंगू नावाच्या पोऱ्यानं भट्टीवरून क्लिंकर, म्हणजे भाजून निघालेले काळे खडे, आणायचे आणि त्यांत मोकळा चुना किती राहिला ते मी तपासायचं. दीड टक्क्यापर्यंत ठीक. त्याच्या वर गेला तर लाल चिठ्ठी लिहून झिंगूच्याच हाती भट्टीवर पाठवायची. चुना जास्त राहिला की ते सिमेंट बांधकामात गेल्यावर फुगतं आणि भिंत तडकते. भट्टीवरच्या आवाजात फोन ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार चिठ्ठीवर चाले.

भट्टी देवाजीभाऊ सांभाळत. निळ्या काचेतून जाळ बघायचा आणि चाक फिरवून कोळसा कमी-जास्त करायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, बोलणं मोजकं. माझी चिठ्ठी आली की ते ती खिळ्याला लटकवलेल्या तारेत ओवून ठेवत.

आता माझी अक्कल बघा. एक पॉइंट सहा आलं तरी मी लाल चिठ्ठी लिहायचो. हातचूक धरली तर दीडच असेल, हे कळत असूनही लिहायचो. उद्या कोणी विचारलं तर कार्बन कॉपी दाखवता आली पाहिजे, एवढंच डोक्यात. दोन महिन्यांत चाळीस चिठ्ठ्या झाल्या. वर आणखी, ‘म्हातारा वाचतो तरी का,’ म्हणून मीच झिंगूवर करवादायचो.

मार्चमधल्या एका दुपारी तीन पॉइंट आठ आलं. असा आकडा मी कधी बघितला नव्हता. पुन्हा तपासलं, तेवढंच. चिठ्ठी लिहिली, आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, झिंगूला पिटाळलं आणि डबा उघडून जेवायला बसलो. पुढच्या तासाला तीन पॉइंट नऊ. पुन्हा चिठ्ठी. तिसऱ्या तासालाही तेच. पाळी बदलताना फोरमननं माझं रजिस्टर पाहिलं आणि बोंब ठोकली. तोवर तीन तासांचा नीट न भाजलेला माल चांगल्या ढिगात मिसळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला चौकशी ठेवली. देवाजीभाऊंना काढणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. फोरमन मला म्हणाला, “कॉप्या घेऊन ये फक्त. तू सुटला.” खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

ऑफिसबाहेरच्या बाकावर देवाजीभाऊ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी तावातावानंच विचारलं, “तीन चिठ्ठ्या धाडल्या भाऊ. काऊन नाई पाह्यल्या?”

“लाल दिसली, तारीत लावली,” ते म्हणाले. “तुमची लाल तं रोजच येते साहेब. मोठी गोष्ट असती तं तुमी सोता आले असते, असं वाटलं मले. मयताची खबर कोनी कागदावर धाडते का? मानूस धाडतात.”

माझा ताव तिथंच उतरला. कारण मीही इथलाच. आजा वारला तेव्हा आत्याला सांगायला बाबांनी मलाच सायकलवर पाठवलं होतं, पार मार्कंड्यापलीकडच्या गावी. मी अंगणात शिरलो आणि आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. मी तोंड उघडायच्या आधीच.

आत मॅनेजर साहेबांनी कॉप्या चाळल्या. “म्हणजे इशारा वेळेवर गेला होता,” ते म्हणाले.

“गेला नव्हता, साहेब,” मी म्हणालो. “या चाळीसमधल्या तीस-पस्तीस चिठ्ठ्यांची गरज नव्हती. मी स्वतःला वाचवायला लिहीत होतो. खरा आकडा आला तेव्हाही तसलीच चिठ्ठी पाठवली आणि जेवायला बसलो. भट्टी इथून पाच मिनिटांवर आहे.”

फोरमन माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. देवाजीभाऊंनी मान वर केली नाही.

त्यांना आठ दिवस घरी बसवलं, पण भट्टी त्यांच्याकडेच राहिली. माझं पक्कं होणं सहा महिने पुढे गेलं. घरी आई कडाडली, “तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले?” मला राग आला, तोही स्वतःचाच.

त्यानंतर एक पॉइंट सहाला मी पुन्हा तपासायचो, चिठ्ठी लिहीत नव्हतो. एप्रिलमध्ये एका सकाळी दोन पॉइंट चार आलं. झिंगू चिठ्ठीसाठी हात पुढे करून उभा होता. मी त्याला थांबवलं आणि निघालो. भट्टीचा लोखंडी जिना चढताना दम लागला. अर्ध्यावर असतानाच देवाजीभाऊंनी मला पाहिलं आणि हातातली निळी काच खाली ठेवली. मी वर पोचेपर्यंत त्यांचा हात कोळशाच्या चाकावर गेला होता.

आकडा त्यांनी नंतर विचारला.